आयनांचे प्रभार जुळवून संयुगाचे सूत्र कसे लिहावे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आयनिक संयुगाचे सूत्र पाठ करावे लागत नाही, ते तयार करता येते. पाठ करावे लागतात ते नेहमीचे आयन आणि त्यांचे प्रभार, आणि तेही तीस-पस्तीसच्या वर नाहीत. शाळेत हा विषय पुष्कळदा उलट्या क्रमाने शिकवला जातो, म्हणजे आधी तिरकस गुणाकाराची युक्ती आणि मग, वेळ उरलाच तर, तिच्यामागचे कारण. त्यामुळे परीक्षेपुरती सूत्रे जमतात, पण थोडे वेगळे संयुग समोर आले की विद्यार्थी अडतो. या लेखात कारण आधी घेतले आहे आणि युक्ती नंतर. उदाहरणे मुद्दाम स्वयंपाकघरातील, किराणा दुकानातील आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवरची निवडली आहेत, कारण मीठ, चुना, मोरचूद, नवसागर आणि पोटॅशची खते आपण प्रत्यक्ष पाहिलेली असतात.

लेखनाविषयी एक सूचना आधीच द्यायला हवी. येथे मूलद्रव्यांच्या संज्ञा जशा उच्चारल्या जातात तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. सोडिअमसाठी एनए, क्लोरीनसाठी सीएल, कॅल्शिअमसाठी सीए, लोहासाठी एफई, तांब्यासाठी सीयू, पोटॅशिअमसाठी के. दोन आयनांमध्ये सोडलेली जागा केवळ वाचनाच्या सोयीसाठी आहे. वहीत मात्र रोमन अक्षरेच वापरावीत, संज्ञेचे पहिले अक्षर मोठे आणि दुसरे लहान काढावे आणि मध्ये जागा सोडू नये. हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही : सी आणि ओ ही दोन्ही अक्षरे मोठी काढली तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू होतो आणि ओ लहान काढला तर कोबाल्ट हा धातू.

प्रभार येतो कुठून

अणूमध्ये जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन असतात, म्हणून अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. इलेक्ट्रॉन गेला की धनप्रभार उरतो, आला की ऋणप्रभार येतो, आणि अशा प्रभारित कणाला आयन म्हणतात. हा शब्द मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये रूढ केला. त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीतून आयनिक बंध तयार होतो, ही मांडणी जर्मन शास्त्रज्ञ वॉल्थर कोसेल यांनी १९१६ मध्ये केली.

सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांचे संरूपण, म्हणजे आतून बाहेर एकेका कवचातील त्यांची संख्या, २, ८, १ असे असते. बाहेरच्या कवचातील एक इलेक्ट्रॉन गेला की २, ८ हे निऑनसारखे पूर्ण अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) उरते आणि ११ प्रोटॉनांसमोर १० इलेक्ट्रॉन राहिल्यामुळे एनए⁺ हा आयन तयार होतो. क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनांचे संरूपण २, ८, ७ असते. एक इलेक्ट्रॉन आला की ते २, ८, ८ होते आणि सीएल⁻ हा आयन मिळतो.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सोडिअमला इलेक्ट्रॉन देण्याची हौस असते आणि क्लोरीनला घेण्याची, असे सांगून काम भागवले जाते. वास्तविक एक मोल (अणू मोजण्याचे रसायनशास्त्रातील ठरावीक एकक) सोडिअम अणूंपासून इलेक्ट्रॉन काढण्यासाठी सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते आणि एक मोल क्लोरीन अणूंनी ते स्वीकारल्यावर जेमतेम ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे निव्वळ देवाणघेवाणीचा व्यवहार तोट्याचाच आहे. तो तोटा भरून निघतो तो पुढच्या टप्प्यात : धन आणि ऋण आयन एकमेकांना आकर्षून स्फटिकाच्या रचनेत बसतात तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. मीठ टिकते ते या आकर्षणामुळे, आणि म्हणूनच ते वितळवण्यासाठी ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते.

आयनांची यादी आणि तिच्यातील सोय

साध्या आयनांचे प्रभार आवर्तसारणी पाहून सांगता येतात. पहिल्या गणातील लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम यांचे आयन एक धन. दुसऱ्या गणातील मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम यांचे दोन धन. ॲल्युमिनिअमचा तीन धन. उजव्या बाजूला सतराव्या गणातील फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांचे आयन एक ऋण. सोळाव्यातील ऑक्सिजन आणि गंधक यांचे दोन ऋण. नायट्रोजनचा तीन ऋण. जस्ताचा आयन दोन धन आणि चांदीचा एक धन असतो, एवढे दोन वेगळे ध्यानात ठेवावेत.

खरा पाठांतराचा भाग म्हणजे संयुक्त मूलके, म्हणजे अनेक अणूंचा मिळून झालेला एकच आयन. सुरुवातीला सात पुरेत. अमोनिअम एनएच₄⁺ हा त्यांतील एकटाच धन आयन. एक ऋणप्रभाराचे तीन : हायड्रॉक्साइड ओएच⁻, नायट्रेट एनओ₃⁻ आणि बायकार्बोनेट एचसीओ₃⁻. दोन ऋणप्रभाराचे दोन : कार्बोनेट सीओ₃²⁻ आणि सल्फेट एसओ₄²⁻. तीन ऋणप्रभाराचा एक : फॉस्फेट पीओ₄³⁻. या यादीत नवशिक्यांचा गोंधळ होतो तो खालच्या आणि वरच्या अंकांत. सल्फेटमधील खालचा चार हा ऑक्सिजनच्या अणूंची संख्या सांगतो आणि वरचा दोन हा संपूर्ण गटाचा प्रभार सांगतो. त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. सूत्र जुळवताना लक्ष केवळ वरच्या अंकाकडे द्यायचे असते.

बेरीज शून्य आली पाहिजे

आता प्रत्यक्ष कृती. धन आयन डावीकडे आणि ऋण आयन उजवीकडे प्रभारासह लिहावेत, आणि सर्व प्रभारांची बेरीज शून्य होण्यासाठी प्रत्येकाचे कमीत कमी किती आयन लागतील ते काढावे. ती संख्या संज्ञेच्या खाली उजवीकडे लिहावी. एक असेल तर लिहू नये. शेवटी प्रभार पुसून टाकावेत. सगळी पद्धत एवढीच आहे.

सोडिअम क्लोराइडमध्ये एक धन आणि एक ऋण असल्यामुळे एकास एक पुरते आणि सूत्र एनए सीएल होते. कॅल्शिअम क्लोराइडमध्ये कॅल्शिअमचे दोन धन प्रभार फेडण्यासाठी क्लोराइडचे दोन आयन लागतात, म्हणून सीए सीएल₂. ॲल्युमिनिअम ऑक्साइडमध्ये तीन धन आणि दोन ऋण आहेत. तीन आणि दोन यांचा लसावि सहा, म्हणून ॲल्युमिनिअमचे दोन आयन घेऊन सहा धन आणि ऑक्साइडचे तीन घेऊन सहा ऋण जमवावे लागतात आणि सूत्र एएल₂ ओ₃ असे येते.

तिरकस गुणाकाराची युक्ती याच उदाहरणात स्पष्ट दिसते : ॲल्युमिनिअमचा तीन ऑक्सिजनच्या खाली गेला आणि ऑक्सिजनचा दोन ॲल्युमिनिअमच्या खाली. युक्ती चूक नाही, ती लसावि काढण्याचाच जवळचा मार्ग आहे. मात्र दोन्ही प्रभार सारखे असतील, किंवा त्यांना सामाईक विभाजक असेल, तर ती थांबवून संक्षेप करावा लागतो. मॅग्नेशिअम ऑक्साइडला ही युक्ती लावली तर एमजी₂ ओ₂ येते; बेरीज शून्य आहे, पण कमीत कमी हा शब्द पाळला गेलेला नाही. योग्य सूत्र एमजी ओ. म्हणून युक्तीने उत्तर काढले तरी प्रभारांची बेरीज आणि लहानात लहान गुणोत्तर या दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

संक्षेप करताना आणखी एक मर्यादा पाळावी लागते. आयनाच्या पोटातील अंकांना हात लावता येत नाही. सोडिअम पेरॉक्साइडचे सूत्र एनए₂ ओ₂ असे आहे, आणि दोन्ही अंक सारखे दिसले म्हणून त्याचे एनए ओ करता येत नाही. कारण ऑक्सिजनचे दोन अणू एकत्र बांधलेला ओ₂²⁻ हा पेरॉक्साइड आयन तेथे आहे आणि त्याच्या दोन ऋण प्रभारांसमोर सोडिअमचे दोन आयन बसले आहेत.

एनए सीएल या सूत्राचा अर्थही येथेच नीट समजून घ्यावा. सोडिअमचा एक आणि क्लोरीनचा एक अशी जोडी मिठात वेगळी फिरत नसते. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली तेव्हा प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन आढळले. अमक्याचा जोडीदार अमका, असे तेथे दाखवताच येत नाही. सूत्र सांगते ते केवळ गुणोत्तर. आपण सवयीने रेणुसूत्र म्हणतो, परीक्षेतही तोच शब्द चालतो, पण आयनिक संयुगाच्या बाबतीत सूत्र एकक हा शब्द अधिक नेमका आहे.

कंस केव्हा घालावा

संयुक्त मूलकाची संख्या एकापेक्षा अधिक असेल तेव्हाच त्याला कंस घालावा आणि संख्या कंसाबाहेर खाली लिहावी. पानाला लावायचा चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड : कॅल्शिअमचे दोन धन, हायड्रॉक्साइडचा एक ऋण, म्हणून सीए (ओएच)₂. कंस विसरून दोन नुसता शेवटी लिहिला तर ऑक्सिजन एक आणि हायड्रोजन दोन असा अर्थ होतो, आणि सूत्रातून ऑक्सिजनचा एक अणूच नाहीसा होतो. याउलट संख्या एकच असेल तर कंसाची गरज नाही; शहाबादी फरशीच्या चुनखडीतील कॅल्शिअम कार्बोनेट सीए सीओ₃ असे सरळ लिहावे.

मिठाप्रमाणेच ओळखीचा खाण्याचा सोडा एनए एचसीओ₃, आणि धुण्याच्या सोड्यातील सोडिअम कार्बोनेट एनए₂ सीओ₃. दोन्हींत सोडिअम आहे, तरी एकात एक आणि दुसऱ्यात दोन कसे, हे ऋण आयनाचा प्रभार पाहिल्यावर आपोआप कळते. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड, एनएच₄ सीएल. खत म्हणून वापरतात त्या अमोनिअम सल्फेटमध्ये मात्र अमोनिअमचे दोन आयन लागतात, म्हणून कंस डावीकडच्या आयनाला येतो : (एनएच₄)₂ एसओ₄.

सर्वांत कसाचे उदाहरण कॅल्शिअम फॉस्फेटचे. दोन धन आणि तीन ऋण, लसावि सहा. कॅल्शिअमचे तीन, फॉस्फेटचे दोन, म्हणून सीए₃ (पीओ₄)₂. अणू मोजायचे झाले तर कॅल्शिअम तीन, फॉस्फरस दोन आणि ऑक्सिजन आठ, असे एकूण तेरा. कंसाबाहेरचा अंक आतील प्रत्येक संख्येला गुणतो, हे ज्याला या एका सूत्रात दिसले त्याला पुढे समीकरणे संतुलित करताना अडचण येत नाही.

एकाच धातूचे दोन प्रभार

लोह, तांबे, शिसे, कथील यांची संयुजा परिवर्ती असते, म्हणजे त्यांच्या आयनांचा प्रभार एकाहून अधिक प्रकारचा असू शकतो. लोहाचा आयन दोन धन असेल तर फेरस आणि तीन धन असेल तर फेरिक. तांब्याचा एक धन असेल तर क्युप्रस आणि दोन धन असेल तर क्युप्रिक. म्हणून नुसते लोह क्लोराइड म्हटल्यावर सूत्र लिहिता येत नाही; फेरस असेल तर एफई सीएल₂, फेरिक असेल तर एफई सीएल₃. अलीकडच्या पुस्तकांत धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक घालून हा प्रभार दाखवतात, आणि नवशिक्यांनी तीच पद्धत उचलावी, कारण फेरस-फेरिकची जोडी प्रत्येक धातूसाठी नव्याने लक्षात ठेवावी लागते.

सूत्रावरून प्रभार शोधण्याचा उलटा सरावही करावा. गंजात मुख्यत्वे जलयुक्त फेरिक ऑक्साइड असते. त्यातील पाणी बाजूला ठेवले तर सूत्र एफई₂ ओ₃. ऑक्सिजनचे तीन आयन मिळून सहा ऋण, म्हणून लोहाच्या दोन आयनांचे मिळून सहा धन, प्रत्येकी तीन. मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे सूत्र एफई₃ ओ₄ आहे, आणि येथे आठ धन प्रभार तिघांत सारखे वाटले जात नाहीत. उत्तर असे की त्यात एक लोह आयन दोन धन आणि दोन आयन तीन धन असतात : दोन अधिक सहा, बरोबर आठ. बेरजेचा नियम मोडलेला नाही.

मोरचुदातील पाणी

निळा मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, क्युप्रिक आयनाचे दोन धन आणि सल्फेटचे दोन ऋण, म्हणून सीयू एसओ₄. पण दुकानात मिळतो त्या निळ्या खड्याचे पूर्ण सूत्र सीयू एसओ₄·५ एच₂ओ असे आहे. मधला टिंब गुणाकाराचा नसून, प्रत्येक सूत्र एककासोबत स्फटिकात पाण्याचे पाच रेणू बसले आहेत, एवढेच सांगतो. परीक्षानळीत मोरचुदाचे दोन-चार खडे घालून बर्नरवर तापवले की नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात आणि खड्यांची पांढरी भुकटी होते. तिच्यावर पाण्याचे थेंब टाकले की निळा रंग परत येतो. पाणी उदासीन असल्यामुळे प्रभारांच्या हिशेबात ते कोठेच येत नाही, वजनात मात्र येते. २४९.५ या सूत्रवस्तुमानात (सूत्रातील सर्व अणुवस्तुमानांच्या बेरजेत) पाण्याचा वाटा ९० आहे, म्हणजे एक किलो मोरचुदात सुमारे ३६० ग्रॅम पाणी आणि साधारण २५५ ग्रॅम तांबे.

द्राक्षबागेत आणि कोकणातील सुपारीच्या बागेत फवारले जाणारे एक टक्का बोर्डो मिश्रण याच मोरचुदाचे होते : एक किलो मोरचूद, एक किलो चुनकळी आणि शंभर लिटर पाणी. चुनकळी म्हणजे सीए ओ. ती पाण्यात विरली की सीए (ओएच)₂ होते आणि मोरचुदाच्या द्रावणातील क्युप्रिक आयन हायड्रॉक्साइडशी जुळतात. विरघळलेले तांबे मिश्रणात शिल्लक राहिले तर पाने करपतात, म्हणून जाणते बागायतदार त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर सीयू²⁺ अजून मोकळे आहेत आणि चुना कमी पडला आहे, असे समजावे. लोह इलेक्ट्रॉन देऊन स्वतः आयन होते आणि तांब्याचा आयन ते घेऊन धातू होतो. तो तांबूस थर म्हणजे हीच देवाणघेवाण. मिश्रण लोखंडी पिंपात न करता प्लॅस्टिकच्या पिंपात करतात त्याचे कारणही हेच.

जेथे ही पद्धत लावू नये

प्रभार जुळवण्याची पद्धत मुख्यतः धातू आणि अधातू यांच्या, तसेच संयुक्त मूलकांच्या संयुगांना लागू पडते. दोन अधातूंची संयुगे सहसंयुज असतात, म्हणजे त्यांत अणू इलेक्ट्रॉन देत-घेत नाहीत तर वाटून घेतात, आणि त्यांना ती लावू नये. कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड ही दोन्ही संयुगे अस्तित्वात आहेत आणि त्यांच्यात आयन नाहीत. युरिया हे सर्वांत फसवे उदाहरण : त्याचे सूत्र सीओ (एनएच₂)₂ असे कंसासहित लिहितात, त्यामुळे ते कॅल्शिअम हायड्रॉक्साइडच्या जातीचे वाटते, पण युरिया हा आयनविरहित रेणू आहे आणि त्याच्या शुद्ध द्रावणातून वीज जवळजवळ वाहत नाही.

खताच्या पिशवीवरील नत्र, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) यांची टक्केवारी सांगणाऱ्या आकड्यांनाही सूत्र समजू नये. १३:००:४५ या नावाने विकले जाणारे विद्राव्य खत म्हणजे पोटॅशिअम नायट्रेट, के एनओ₃. त्यातील ४५ हा आकडा पोटॅशिअम ऑक्साइडच्या रूपात मोजलेला पोटॅश असतो, तो ऑक्साइड पिशवीत प्रत्यक्ष नसतो. ००:००:५० म्हणजे पोटॅशिअम सल्फेट, के₂ एसओ₄. १२:६१:०० म्हणजे मोनो अमोनिअम फॉस्फेट, एनएच₄ एच₂पीओ₄. येथे फॉस्फेटच्या तीन ऋणांपैकी दोन हायड्रोजनांनी फेडलेले आहेत, म्हणून उरलेल्या एका ऋणासाठी एकच अमोनिअम पुरतो. डीएपी (डाय अमोनिअम फॉस्फेट) या खतात फॉस्फेटला एकच हायड्रोजन जोडलेला असतो, दोन ऋण उरतात आणि अमोनिअमचे दोन आयन लागतात : (एनएच₄)₂ एचपीओ₄.

टाकीत काय मिसळू नये, हे सूत्रांवरून

ठिबक सिंचनातून खते देताना कॅल्शिअम नायट्रेट सल्फेटच्या किंवा फॉस्फेटच्या खतांबरोबर एका टाकीत मिसळू नये, ही सूचना बहुतेक शेतकऱ्यांनी ऐकलेली असते. तिचे कारण आता लिहून काढता येते. कॅल्शिअम नायट्रेट, म्हणजे सीए (एनओ₃)₂, पाण्यात विरघळताच सीए²⁺ आणि एनओ₃⁻ वेगळे होतात. पोटॅशिअम सल्फेट विरघळताच के⁺ आणि एसओ₄²⁻ वेगळे होतात. टाकीत आता चार प्रकारचे आयन आहेत आणि कोणता आयन कोणत्या पिशवीतून आला याला काही अर्थ उरलेला नाही. शक्य त्या जोड्या लिहून पाहाव्यात : के एनओ₃ पाण्यात सहज विरघळते, म्हणून ते आयन मोकळेच राहतात, सीए एसओ₄ मात्र एक लिटर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच्या आसपासच विरघळते, म्हणून टाकीतील दाट द्रावणात त्याचा पांढरा साका बसतो. तो साका म्हणजे जिप्सम, सीए एसओ₄·२ एच₂ओ. सल्फेटऐवजी १२:६१:०० घातले तर द्रावणाच्या आम्लतेप्रमाणे सीए एचपीओ₄ किंवा सीए₃ (पीओ₄)₂ यांसारखी फॉस्फेटे तळाशी बसू शकतात.

साका ठिबकच्या तोट्यांत गेला की त्या चोंदतात आणि मग आम्ल सोडून नळ्या धुण्याचा उपाय केला जातो. तोट्यांत कठीण पाण्याचा सीए सीओ₃ साचला असेल तर हा उपाय लागू पडतो, कारण आम्लातील एच⁺ आयन कार्बोनेटशी जुळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि कॅल्शिअम मोकळा होतो. सीए एसओ₄ च्या थरावर त्याच आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून कॅल्शिअम नायट्रेट वेगळ्या दिवशी, किंवा निदान वेगळ्या टाकीतून, सोडणे हेच सोपे पडते.